गोऱ्या पोराचं पान

म्हाळाच्या दिवशी गुंडू मोहित्यानं पितरांसाठी एक पान जास्त मांडलं, आणि भावकीचं डोकं फिरलं. शाहू महाराजांच्या राज्यात पहिल्या महायुद्धाच्या लढाईवरनं जिता परतलेला गडी, त्याला कोण बोलणार? पण चुलता सयाजीआबा बोलला. पान कुणाचं, त्यानं विचारलं. लढाईत मेलेल्या एका गोऱ्या पोराचं, असं ऐकल्यावर तो पाटावरनं उठलाच. त्याच्यामागं सगळी पंगत उठायच्या बेतात.

आता गुंडूचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तिकडं बसऱ्याच्या मुलखात, कुत नावाच्या गावात तुर्कांनी त्याची पलटण कोंडली होती. दाणागोटा संपला. साहेबलोक घोडी कापून खायला लागले, पण धर्म बुडेल म्हणून गुंडूसारख्या हट्ट्यांनी त्या मटणाला हात लावला नाही. भिंत धरून उठावं लागायचं, इतका वाळला होता गडी. तशात आपल्याच सरकारचं, एरवी बॉम्ब टाकणारं विमान आलं आणि त्यातनं पडली काय, तर पिठाची पोती! निम्मी नदीनं गिळली. एक मात्र गुंडूच्या खंदकामागं फुटलं. मातीसकट गोळा केलेल्या त्या पिठावर तो जगला.

दुसऱ्या दिवशी तेच विमान परत आलं आणि सगळ्यांदेखत तुर्कांची गोळी लागून नदीपलीकडं कोसळलं. चालवणाऱ्याला अजून मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं, एवढंच साहेबानं सांगितलं. पुढं पलटण पकडली गेली, गुंडू कैदेत खितपत पडला, पण त्या पोराला विसरला नाही. आपल्या घासासाठी मेला तो, आणि आपण त्याला एक घासही घालू नये?

सयाजीआबाला हे पटेना. नाव नाही, कूळ नाही, काय खात होता देव जाणे. पान उचल, नाहीतर भावकी उपाशी जाईल, आणि पुन्हा या घरचं पाणीही पिणार नाही, असं त्यानं बजावलं. पितरांच्या दिवशी दारातनं माणसं उपाशी जाणं म्हणजे घर वाळीत पडल्यातच जमा. गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पानाकडं वाकला.

"हात लावू नगंस." खिरीचं भांडं घेऊन त्याची आई चिमणाबाई उभी होती. "भावजी, ह्येचा पत्त्या न्हवता तवा मेला म्हणून दोन म्हाळ ह्येचं पान मांडलं मी. तुमीच मांडायला लावलं. आनि ह्यो तर जिता हुता. मग ते पान कुनी खाल्लं?"

तिनं त्या जादा पानावर खीर वाढली.

"त्या पोरानंच खाल्लं आसंल की. त्येनं माझ्या लेकाला जेवू घातलं, म्या त्येला. दोन वर्सं आपल्या घरात जेवल्यालं पोरगं आता उठवू व्हय?"

सयाजीआबा पाटावर टेकला, आणि त्या पोराच्या पानावर खीर कमी पडलीय म्हणून चिमणाबाईवर खेकसला.