विलासच्या व्हॅम्पायरचा मूळ शेवट

विलासच्या कादंबरीचा शेवट मी बिघडवला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. आज तरी हे कबूल करायला पाहिजे.

विलास माझा गावच्या शाळेपासूनचा मित्र. परळीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता त्यानं दोन वह्या भरून एक प्रेमकथा लिहिली.

व्हॅम्पायरची.

मी दर सोमवारी वैजनाथाला जाणारा माणूस. म्हटलं, "विल्या, हे काय अभद्र लिहितोस?"

"आठवड्यातून दोनदा डायलिसिसची मशीन माझं रक्त पिती बे. अन् धुऊन परत देती. माझा व्हॅम्पायर तसलाच हाय. वाच तर."

वाचली. खरंच तसलाच होता.

त्याचं नाव रघू. लग्नानंतर वर्षात मेलेला आणि परत आलेला. आजारी माणसाचं नासकं रक्त ओढून घ्यायचा, स्वच्छ करून परत द्यायचा. गाव त्याला भीत नव्हतं. पारावर नंबर लावून बसायचं.

पण घरातल्या माणसानं नावानं हाक मारल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नव्हता.

आणि त्याच्या घरात उरली होती फक्त बायको, कमल. ती नवऱ्याचं नाव कशी घेणार?

"अहो, या ना आत."

"अहो म्हणून चालत न्हाई, कमल."

एकदा उखाण्यात घ्यायला गेली, तर अर्ध्यावरच लाजली आणि चुलीपाशी पळाली.

मग दोघं रोज दिवेलागणीला उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून बोलायचे. शेळी किती दूध देते. शेजारीण का भांडली. पन्नास पानं नुसती हीच.

वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या पानावर कमल म्हणते, "रघू, या आत."

मी म्हणालो, "हे पटत न्हाई. आपल्याकडची बाई असं म्हणंल का? सुनंदावहिनींनी कधी तुझं नाव घेतलंय?"

विलास तार गुंडाळायचा थांबला.

"न्हाई घेतलं. म्हणून तर लिहिलं."

तरी मला कळलं नाही. मी हट्टच धरला. त्यानं ते पान फाडलं आणि नवीन लिहिलं. त्यात रघू गाव सोडून जातो.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी दुपारी दवाखान्यात त्याचं बीपी एकदम उतरलं. नर्स गालावर थोपटत होती. वहिनी नुसत्या "अहो, अहो" करत होत्या. तो काही डोळे उघडेना.

मग त्या वाकल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "विलास. विलास, बघा माझ्याकडं."

त्यानं बघितलं.

पुढचा अर्धा तास बघतच होता. मग गेला.

वहिनींनी तोवर कादंबरीचं एक पानही वाचलेलं नव्हतं. कमलची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती.

गेल्या महिन्यात मी ती दुसरी वही मागून घेतली. माझ्या हट्टाचं पान काढलं. त्याचं मूळ पान आठवलं तसं माझ्या अक्षरात लिहून चिकटवलं, आणि खाली लिहिलं, 'शब्द विलासचे'.

दोन्ही वह्या वहिनींना दिल्या. रोज देवपूजा झाली की दोन पानं वाचतात. अजून पहिलीच वही चालू आहे.

विलास, तुझंच बरोबर होतं. माझं चुकलं.

वैजनाथ तुला सुखात ठेवो, मित्रा. मनापासून नमस्कार.