हर्षालीच्या पदरामागचा बिबट्या

आळेफाट्यावर भगवंताचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्याच्या कॅमेऱ्याला एकच खोड: माणसाचं डोकं दिसलं की कापायचं. निमगाव सावातल्या निम्म्या नवरदेवांचे फेटे फोटोबाहेरच राहिलेले. गावातले गेणभाऊ तोंडावर म्हणायचे, "भगवंता, तुझ्या अल्बमात वऱ्हाड गळ्यापासनं खाली जेवतं." भगवंत वरून हसायचा, आतून जळायचा. आपण कलाकार आणि गाव अडाणी, हे त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

बिबट्यांनी उच्छाद मांडला त्या वर्षीची गोष्ट. दोन-तीन गावांतून पोरं उचलून नेलेली. दिवस कलला की बाया दारं लावून घ्यायच्या. तशात कुंडलिकानं भगवंताला मळ्यात बोलावलं. त्याची थोरली पोर हर्षाली लग्नाची झाली होती, पाहुण्यांकडं पाठवायला फोटो हवा होता. भगवंतानं तिला मोराच्या पदराची साडी नेसायला लावून उसाच्या कडेला उभं केलं. ऊन उतरलं तरी त्याचं आपलं चालूच, "हलू नको. हनुवटी वर."

रोल धुवून आला. हर्षालीचं डोकं चक्क शाबूत होतं आणि तिच्या खांद्यामागं, पाचटातून, बिबट्या बघत होता. तिच्यापेक्षा तोच ऐटीत उभा.

भगवंताला दरदरून घाम फुटला. तो पुसला आणि मग डोकं चालायला लागलं. कुंडलिकाला सांगितलं, रोल खराब निघाला. इकडं फोटोतलं हर्षालीचं डोकं सवयीनं कापलं, फोटो पुण्याच्या स्पर्धेला धाडला, आणि बक्षीस घेऊन आला. मग काय, फाट्यावर मंडप, शाल, नारळ. फोटो मोठा करून स्टेजवर लावलेला.

भगवंत माईकला चिकटला तो सोडेना. "वाघ तिथं हाय हे मला ठाऊक व्हतं. कित्येक सांजा दबा धरून बसलो. तो आला, मी श्वास रोखला आन् बटण दाबलं."

बायकांतून साळुबाई उठली, हर्षालीची आई. "हा पदर माझ्या पोरीचा हाय."

कुंडलिक सावकाश स्टेजजवळ आला. "वाघ तिथं हाय हे तुला ठाऊक व्हतं?"

भगवंताची शाल खांद्यावरून घसरली.

"आन् माझ्या पोरीला म्हनलास, हलू नको. शेरडू बांधलं व्हतं का रं तिथं?"

मागं खुर्च्या सरकल्या. मागच्या रांगेतल्या भिमाजीनं पायातली चप्पल हातात घेतली. भगवंतानं झटकन हिशेब केला: कलाकार राहिलो तर हाडं मोडतील, हाडं वाचवली तर कलाकार संपला.

"मला दिसलाच नाय, कुंडलिकभाऊ," तो म्हणाला. माईक चालूच होता. "देवाशप्पथ. मी पदर नीट पडलाय का तेवढंच बघत व्हतो."

"म्हंजी वाघाचं डोकंबी चुकूनच राहिलं व्हय," गेणभाऊ म्हणाले, आणि सगळा मंडप खदखदला. चपलेपेक्षा ते जास्त लागलं.

कुंडलिक हसला नाही. "निगेटिव्ह काढ."

भगवंतानं ती छातीशी, खिशात जपून आणली होती. कुंडलिकानं कमरेचा अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तशी पट्टी कातरून टाकली.

"परवा मळ्यात ये. पोरीचा फोटो अजून व्हायचाय."

"येतो भाऊ."

"आदी तू उसात शिरायचं, डबा वाजवत. पल्याडच्या बांधाला निघालास, की मग माझी पोर उभी ऱ्हाईल."

तिसऱ्या दिवशी निम्मं गाव बांधावर बसलं होतं. साळुबाईनं तेलाचा रिकामा डबा आणि काठी त्याच्या हातात दिली, पाणीसुद्धा विचारलं नाही. भगवंत उसात शिरला. पाचट करकरत गेलं, डबा वाजत गेला, आणि मधेच कुठंतरी थांबला.

"वाजव की, कलाकार," कुंडलिक बांधावरून म्हणाला.

डबा पुन्हा वाजायला लागला, मघापेक्षा पुष्कळ घाईनं.