चाळीस पानांपलीकडचं उत्तर

खोतसाहेबांनी मला हाताने ढकललं नाही. हात लावायचाच नव्हता त्यांना. छत्रीचं टोक माझ्या बरगडीत टोचून म्हणाले, "मागं हो. दालद्यांची ओळ मागं."

जुम्म्याची नमाज होती. मशीद खाडीपलीकडच्या त्यांच्या गावातली. मी चौदा वर्षांचा. बाबांबरोबर होडीने आलो होतो आणि जागा दिसली म्हणून पहिल्या ओळीत उभा राहिलो होतो. आम्ही राजिवड्याचे दालदी, मासेमारी करणारे मुसलमान. ते खोत. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून जहाजाने आले म्हणे. आमचेही त्याच जहाजावर असतील. बहुधा वल्ही मारत.

"अल्लाच्या घरात मागंपुढं असता काय?" मी विचारलं.

"किताबीत लिवलेला हाय."

बाबांनी माझं मनगट धरलं आणि ओढत शेवटच्या ओळीत नेलं. सगळी मशीद बघत होती. त्या दिवशी सजद्यात, जमिनीला कपाळ टेकून, मी अल्लाचं नाव घेतलं नाही. रडत होतो, आणि ते कुणाला कळू नये एवढंच मागत होतो.

परत येताना बाबा म्हणाले, "किताबीतला आपून कुटं वाचलाव? वाचलेला मानूस सांगतो ता ऐकायचा."

मग मी वाचायचं ठरवलं. राजिवड्यात एक म्हातारे मौलवी होते. बाकीची पोरं अलिफ-बे ही अक्षरं गिरवून, कुराण पाठ करून सुटली. मी त्यांच्या मागे लागून अरबी व्याकरण शिकलो, मग फारसी. तेवीस वर्षांचा झालो तेव्हा अख्ख्या तालुक्यात जुनी हस्तलिखितं वाचू शकणारे हातावर मोजण्याइतके लोक होते, आणि त्यांत मी होतो. खोतसाहेबांनी मला बोलावून घेतलं. छत्रीचं टोक ज्याला टोचलं तो हाच, हे त्यांना आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

काम असं होतं. त्यांच्या आजोबांनी सुरतेहून आणलेल्या किताबी कपाटात होत्या. त्या बघायला मुंबईहून कॉलेजचे एक प्रोफेसर यायचे होते. त्यातली सगळ्यात जुनी किताब एका विद्वानाची होती. माणसाची अक्कल कुठवर पोचते आणि शरियत कुठे सुरू होते, यावरची. तिला कसर लागली होती. तिची स्वच्छ नक्कल मी करायची.

"नक्कल नीट झाली तर प्रोफेसरसाबाकडं तुझा शबूद टाकतो," खोतसाहेब म्हणाले. "मंबईत किताबींच्या खात्यात नोकरी करशील."

खोटं कशाला बोलू, त्या नोकरीसाठी मी त्यांच्या पायऱ्यासुद्धा झाडल्या असत्या.

पडवीत बसून लिहायचो. एके दिवशी रेशमी दोरा घातलेलं पान आलं. खोतसाहेब ज्याचा दाखला देत तेच ते पान. कोळी, न्हावी, विणकर, हलक्या पेशाचे लोक कुलवंतांच्या बरोबरीचे नाहीत. साक्षीत नाहीत, रांगेत नाहीत. नऊ वर्षं मी ज्याला भीत आलो ते खरंच तिथे लिहिलेलं होतं. मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

आता नक्कल करणाऱ्यांची एक जुनी रीत असते. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतात, म्हणजे पानं सुटली तरी क्रम लागतो. त्या पानाच्या तळाशी एक शब्द होता आणि पुढच्या पानावर भलताच. मधलं पान नव्हतं. मी किताब चाळत गेलो. चाळीस पानांनंतर ते सापडलं, चुकीच्या जागी शिवलेलं.

हे विद्वान एका ठरलेल्या पद्धतीने लिहायचे. आधी विरोधकाचं म्हणणं पुऱ्या ताकदीनिशी मांडायचं आणि मग ते खोडून काढायचं. दोऱ्याचं पान विरोधकाचं होतं. हे पान उत्तराचं. पेशाने माणूस हलका होतो याला पुरावा नाही, आणि असं म्हणणाऱ्याने तो आणावा, असा त्याचा आशय होता.

आधी वाटलं, शिवणाऱ्या अडाण्याची चूक. मग समासात निळी रेघ दिसली. खोतसाहेब वाचताना निळी पेन्सिल वापरत. अख्ख्या किताबीत त्यांच्या खुणा होत्या. या पानालाही वरपासून खालपर्यंत रेघ होती. म्हणजे त्यांनी हे वाचलं होतं.

मी त्यांना फक्त पानाचं सांगितलं, पेन्सिलीचं नाही. दुसऱ्या दिवशी मला आत खुर्ची मिळाली. चिनी मातीच्या कपात चहा आला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"ता पान दुसऱ्या किताबीतला असंल," ते म्हणाले. "नकलेत घेव नुको. प्रोफेसरसाबाला तुझा नाव कळवलाय मी."

मी चहा प्यायलो. तीन दिवस एक ओळ लिहिली नाही. घाबरलो होतो. तिसऱ्या दिवशी बाबांना सगळं सांगितलं. ते जाळं दुरुस्त करत होते. म्हणाले, "वाच बगू काय हाय त्या पानात." मी टिपून आणलेलं वाचलं, अर्थ सांगितला. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे त्यांना ठावं होता?"

"होता."

बाबांनी जाळं तसंच टाकलं आणि बाहेर जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत. मला संताप आला. त्याच दुपारी मी बोरू घेतला.

प्रोफेसर आगबोटीने आले. नक्कल पडताळायची असते ती अशी की एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं. मी वाचत होतो, प्रोफेसरांचं बोट नकलेवर. खोतसाहेब आरामखुर्चीत. पडवीत गावचे लोक उभे. दोऱ्याचं पान संपलं.

"पुढं वाच," खोतसाहेब म्हणाले.

मी चाळीस पानं उलटली आणि वाचलं. प्रोफेसरांचं बोट थांबलं नाही, कारण नकलेत ते पान जागच्या जागी होतं. मग मी मान वर केली आणि पडवीतल्या लोकांना आपल्या बोलीत सांगितलं, त्यात काय आहे ते.

"ह्यो उद्यापासनं येनार नाय," खोतसाहेब म्हणाले.

प्रोफेसरांनी कागद उजेडात धरला, शिवणीची भोकं तपासली. "पान इथलंच आहे," म्हणाले. मला बरं वाटलं. पण मग ते खोतसाहेबांकडे वळले. "तुमच्या संग्रहातला मोठाच शोध म्हणायचा हा. तुमच्या नावाने छापू." आणि मला म्हणाले, "तुझं अक्षर सुरेख आहे हो."

याचाही अंदाज मला होताच. मी म्हटलं, "शेवटचं पान बघा."

नक्कल करणारा शेवटी आपलं नाव लिहितो. मी माझं लिहिलं होतं, बाबांचं लिहिलं होतं, राजिवड्याचे दालदी असं लिहिलं होतं. पान कुणी शोधलं आणि त्यावर कुणाची निळी रेघ आहे, तेही.

"हे फाडलंत तरी चालेल," मी म्हटलं. "दुसरी नक्कल माझ्या घरी आहे."

नोकरी गेली. लेख खोतसाहेबांच्या नावाने छापून आला. त्यात रेघेचा उल्लेख नाही. मला मुंबईला कुणी बोलावलं नाही, आणि मी आता कुणाच्या बोलावण्याची वाटही बघत नाही. नक्कल काखेत मारून किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून हिंडतो. नमाज संपल्यावर लोकांना थांबवतो, दोन्ही पानं वाचतो, आधी ते आणि मग हे.

परवा होडी चालवणारा एक तांडेल उठून म्हणाला, "त्यांनी सांगितला ता खोटा निगाला. तू खरा वाचतंस कशावरनं?"

एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.

"माझ्यावर इस्वास ठेवू नुको," मी म्हटलं. "खाली बस. अलिफ काढ."