नावेचं पुढचं टोक

माझा पहिला नवरा नदीत बुडून गेला नाही, कावीळ होऊन गेला. हे आधीच सांगून टाकते. नावाड्याची बायको विधवा झाली म्हटलं की ऐकणारा पुढं सरकून बसतो आणि कावीळ म्हटल्यावर बिचाऱ्याचा हिरमोड होतो. त्याला मी काय करू? ज्यानं चौदा वर्षं प्रवरेच्या पाण्यावर काढली, तो कोरड्या खाटेवर गेला.

आमचं गाव बेलापूरच्या समोरच्या अंगाला. बाजार, गिरणी, डॉक्टर सगळं पलीकडं. पुलानं जायचं तर वळसा मोठा, म्हणून पावसाळा लागला की दिवाळी उलटेपर्यंत आमची नाव चालायची. नावेत कामाच्या जागा दोन. पुढच्या टोकाला उभं राहून लांब बांबू तळाला रोवून नाव ढकलायची, ती नवऱ्याची जागा. मागं बसून वल्ह्यानं तोंड सरळ ठेवायचं, ती माझी. घरात तो म्हणेल ती पूर्व, पण नावेत मी वळवीन तिकडं जावं लागायचं. आमचा संसार टिकला तो बहुधा याच वाटणीमुळं.

तो गेला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. नदी आटली. नाव वाळूत पालथी पडली. बायका म्हणायच्या, "नदी गेली, नावाडी गेला, सुटलीस बाई." सुटले म्हणजे काय, तर दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. दुपारी कामावर वाटलेली कोरडी सुकडी खायची आणि पुन्हा हातोडा उचलायचा. मी हातोडा असा धरायची की दगडापेक्षा बोटं जास्त फुटायची.

तिथंच तो भेटला. कोल्हारकडचा, चाळिशीचा, उजवा खांदा जरा खाली झुकलेला. तोही नावाडी. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती आणि नावेच्या फळ्यांची त्याच्या चुलत्यानं गोठ्याला दारं केली होती. सगळ्या कामावर पाण्याबद्दल बोलणारी आम्ही दोघंच. बाकीचे पाऊस कधी येणार म्हणायचे, आम्ही धार कुठं फिरते आणि डोह कसा चुकवायचा ते बोलत बसायचो. मुकादम म्हणायचा, "तुमी दोघं खडीवर नाव चालवताय काय?"

एक दिवस तो म्हणाला, "एक विचारू का?"

मी हातोडा खाली ठेवला. पदर नीट केला. वय अडतीस, पण पदर नीट करायची सवय काही जात नाही.

"इचारा की पाव्हणं."

"तुमची नाव अजून हाय ना?"

म्हणजे आधी नावेची चौकशी! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "नावेबरोबर बाई पण येईल, चालंल का?" तो इतका हसला की हातोडा पायावर पडता पडता वाचला.

पुढच्या साली नदी आली तसं आम्ही ठरवलं, पाट लावायचा. विधवेचं दुसरं लग्न आमच्यात होतं, पण ते चोरून. अंधारात, गावाबाहेर, वाजंत्री नाही. सकाळपर्यंत त्या बाईचं तोंड सवाष्णीनं बघायचं नाही, अपशकून म्हणे. मी म्हटलं, मी काय कुणाचं कणीस मोडून आणलंय? बाजारच्या दिवशी, सकाळी, घाटावर, सगळ्यांसमोर लावणार. थोरल्या माणसांनी कानावर हात ठेवले. ठेवू देत. ऐकायला ते थोडेच येणार होते?

खरा अडसर निघाला धाकटा दीर. देवळाली प्रवऱ्याला त्याचं सायकलींचं दुकान. तो सायकल हाणत आला आणि अंगणात उभा राहूनच बोलला.

"वैनी, पाट लावा, न्हाई म्हनत न्हाई. पन पहिल्या घरची चीज नेता येत न्हाई. नाव माझ्या भावाची हाय."

"भावजी, तुमी नाव चालवनार?"

"मला पाण्याची भीती वाटती, ठावं हाय तुमाला."

"मग काय करनार तिचं? पंक्चर काढनार?"

तो हसला नाही. "दादाच्या जागेवर दुसरा कुनी बांबू घेऊन उभा राहिलेला मला बघवनार न्हाई," म्हणाला आणि मान फिरवली. पण नाव सोडायला मी तयार नव्हते. नाव गेली तर मी उरते कोण? फुटक्या बोटांची खडीवाली.

आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नावाड्यानं निवाडा दिला. "बाजारच्या दिवशी पाट लागल्यावर दोघांनी माणसं भरून पैलतीर गाठावं. गाठलं तर नाव तिची. न्हाई गाठलं तर दिराची, मग त्यो जाळंना का." दीर कबूल झाला. मी तर दीडपट कबूल झाले. चोवीस वर्षांची असल्यासारखी.

त्या सकाळी घाटावर पाट लागला. सवाष्णींनी ठरल्याप्रमाणे माझ्याकडं पाठ केली. झकास रांग केली होती. पण पाटीत वांगी, मेथी, कोंबड्या, आणि बाजार पलीकडं. एक म्हणाली, "बायांनो, बाजार मोडंल की गं." हळूहळू एकेकीनं मान वळवली. माझं तोंड बघून कुणाला काही झालं नाही. एकीची कोंबडी तेवढी सुटली.

पंधरा-सोळा माणसं बसली. दीर घाटाच्या पायरीवर, सायकलीला धरून उभा. मी दोर सोडला, नाव पायानं ढकलली आणि उडी मारून माझ्या जागेवर मागं जाऊन बसले. बघते तर शेजारी नवरा! तोही आपल्या जागेवर येऊन बसलेला. खांद्यामुळं त्याला बांबू टाकता यायचा नाही. त्याच्या नावेत बायको पुढं उभी राहायची आणि तो मागं वल्हं धरायचा. वर्षभर आम्ही धार, डोह, भोवरे सगळं बोललो होतो. कोण कुठं बसणार हे एकदाही बोललो नव्हतो. दोघांनाही वाटलं, पुढं माणूस आहेच.

पुढं कोणी नव्हतं. आमच्या दोघांच्या भारानं मागचं टोक दबलं, पुढचं वर उठलं, आणि धारेनं नाव गोल फिरवली. एकदा, दोनदा. पाटीतल्या कोंबड्या ओरडल्या. काठावरून कुणीतरी हाक मारली, "सात फेरे नावेतच घेता व्हय?"

"अगं, तू पुढं जा की," तो म्हणाला.

"तुमी जा."

"माझा खांदा."

"मला बांबू येत न्हाई."

हे खोटं होतं. येत होता. चौदा वर्षं पाठीमागून बघितलेलं होतं, कुठं टेकवायचा, किती झुकायचं, कधी उपटायचा. पण त्या जागेवर उभं राहायचं म्हणजे पहिला नवरा गेला हे पायांना कबूल करावं लागणार होतं. वाळूत पालथ्या नावेला मी रोज हात लावून यायची, पुढच्या टोकाला कधी लावला नव्हता.

काठावर दिरानं सायकल सोडून दिली होती. ती पडली तरी त्यानं बघितलं नाही.

मी उठले. लुगडं खोचलं, वांग्यांच्या पाट्या ओलांडत पुढं गेले आणि बांबू उचलला. पहिला टाकला तो तळाला लागलाच नाही, मी जवळजवळ पाण्यात. दुसरा लागला. नावेनं तोंड सरळ केलं. मागून नवीन नवरा एवढंच म्हणाला, "लागला ना? आता पुढं बघ, मागचं मी बघतो."

पैलतीराला नाव लागली तेव्हा माझ्या तळव्यांची सालं निघाली होती. माणसं उतरून बाजाराला गेली, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेथी सुकत होती त्यांची.

परतीला अलीकडं आलो तर दीर पायरीवरच बसलेला. जवळ आला, नावेच्या पुढच्या टोकावर हात ठेवला.

"वैनी, बांबू लई सरळ टाकता. दादा तिरका टाकायचा."

"दादाचा बांबू दादा टाकायचा," मी म्हटलं, "मी माझा टाकते. बसा, पलीकडं नेते."

"मला पाण्याची—"

"ठावं हाय. सायकल पन घ्या. डोळं मिटून बसा."

तो बसला. सायकल मांडीवर आडवी, डोळे घट्ट मिटलेले. मी बांबू टाकला. सरळच.