पांघरुणाचं दुसरं टोक

इस्पितळाचे कपडे धुणाऱ्या त्या धुलाईघरात यंत्रं आली होती, तरी जाड पांघरुणं अजून हातानेच पिळत. दोघी जणी ओल्या पांघरुणाची दोन टोकं धरायच्या आणि उलट्या बाजूंनी पीळ घालायच्या. जिच्या हातून टोक सुटेल तिची रवानगी घड्यांच्या टेबलावर. आणि त्या टेबलावरून पुढची वाट थेट घरची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एक दिवस तिथल्या सगळ्यात जुन्या बाईचं, मावशीचं टोक सुटलं. पांघरूण फरशीवर धपकन पडलं.

"वय झालं, मावशी," मुकादम म्हणाला. "आता बसून काम करा."

"बसायला मी काय खुडूक कोंबडी आहे?" मावशी फणकारली. पण टेबलावर जावं लागलंच.

घरी सून जिवाला जपणारी. सासरे गेल्यापासून तिने सासूचं ताट हलकं केलं होतं. मऊ भात, त्यावर डाळीचं पाणी, संध्याकाळी चहात बुडवलेला पाव. मावशीलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. जन्मभर घट्ट डाळ पोरांना आणि वरचं पाणी आपल्याला, हीच तिची वाढायची रीत.

हातातला जोर का गेला ते विचारायला मावशी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दंड चाचपला, रक्त तपासलं, काय जेवता ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "वयाने अंगावरचं मांस झडतंच, मावशी. तुम्ही त्याला वर उपाशी मारताय. डाळ, अंडी, दही, मासे, जे चालतं ते रोज प्रत्येक जेवणात हवं. तुमची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, बिनधास्त खा. आणि हातांना काम द्या, नुसतं खाऊन जोर येत नाही."

त्या रात्री मावशीने डाळीच्या पातेल्यात पळी पार तळापर्यंत घातली. शिवाय दोन उकडलेली अंडी.

"आई, आखाड्यात उतरणार की काय?" मुलगा हसला.

"उतरेन. लंगोट तेवढा तू धू."

सुनेचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे मी तुम्हाला उपाशी ठेवलं?"

"तू मायेनंच वाढलंस गं. मीही मुकाट खाल्लं. पण यापुढे माझं ताट मी वाढून घेणार."

मग न्हाणीघरातल्या नळाला ओल्या चादरीचं एक टोक बांधून मावशी रोज पिळू लागली. आधी मनगटं भरून यायची, घास उचलवत नसे. सून म्हणायची, "पुरे आता." मावशी म्हणायची, "नळ दमला का विचार." देवापुढे हात जोडताना तिने मागणं सोडून दिलं होतं. "तू दिलंस ते राखतेय," एवढंच सांगायची.

उन्हाळा सरला तशी ती टेबलावरून उठली आणि पांघरुणांच्या हौदाशी जाऊन उभी राहिली. समोर धुलाईघरातली सगळ्यात दांडगी बाई, लंबू.

"मावशी, पडाल हं!"

"धर गं. बोलायला तोंड लागतं, पिळायला हात."

पीळ चढत गेला. पाणी धो धो गळलं, मग थेंब थेंब. मावशीच्या कपाळावरची शीर फुगली. लंबूच्या ओठांवरचं हसू कधीच मावळलं होतं.

"सोडा आता, मावशी!" मुकादम ओरडला. "फाटेल ते!"

"फाटू दे," मावशी दातओठ खात म्हणाली. "तिला सांग सोडायला."