ताईचे मिटलेले डोळे

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कारण माझा धंदाच तसा. उभा जन्म मी फोटो स्टुडिओत काढला. एकाच काचेच्या प्लेटवर दोनदा फोटो घेतला गेला की माणसाच्या मागे धूसर माणूस कसा उभा राहतो, काचेवर डाग राहिला की चेहऱ्यावर पांढरी सावली कशी येते, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा तरी समजावून सांगितलं आहे. लोक घाबरून फोटो घेऊन यायचे आणि मी हसायचो. या सदरात तसले अनुभव छापून येतात, ते वाचूनही मला हसूच येतं. मग मी स्वतः का लिहितोय... तर हे फोटो मी घेतलेले होते आणि मीच धुतलेले होते. तरी त्यात काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. इस्पितळाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. आम्ही तांडापेठेत राहायचो, जातीने कोष्टी. बाबा मागावर लुगडी विणायचे आणि माय त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. मी मात्र मागावर बसलो नाही. सीताबर्डीवर एका स्टुडिओत कामाला लागलो. मालक म्हातारे झाले होते, त्यामुळे कॅमेऱ्यापासून डार्करूमपर्यंत सगळं माझ्याकडेच आलं होतं.

माझी मोठी बहीण गिरजाताई उमरेडला दिलेली. जावई दामोदर, तेही विणकरच. मैना नावाची एक मुलगी. मैना तीनेक वर्षांची असताना ताई वाळायला लागली. दोन माणसांचं जेवायची आणि अंगाला काही लागायचं नाही. छाती धडधडायची. हात असे थरथरायचे की मागावर बसली की सूत तुटायचं. मग गळ्याशी गाठ दिसायला लागली, आणि त्यामागोमाग डोळे बाहेर यायला लागले. पुढेपुढे तर पापण्या मिटेनात. झोपली तरी डोळे अर्धे उघडे, डोळ्यांचं पांढरं दिसायचं.

आज कोणीही सांगेल की हा थायरॉईडचा आजार. तेव्हा उमरेडच्या त्या गल्लीत कोण सांगणार? सासूने बोभाटा केला की ही रात्रभर माझ्याकडे टक लावून पाहते. शेजारचं एक मूल तापाने गेलं, ते ताईच्या नावावर लागलं. बायका तिला पाहून लेकरांच्या तोंडावर पदर धरायच्या. शेवटी जावई तिला आमच्या दारात आणून सोडून गेले. मैनाला ठेवून घेतलं. ओसरीवर पाणीसुद्धा न पिता बाबांना म्हणाले, "डोळे बरे झाले का सांगजा. मंग घेऊन जाईन."

मायने आधी अंगारे-धुपारे केले. एका मांत्रिकाने ताईच्या डोळ्यांसमोर मिरच्यांचा धूर धरला. ज्या डोळ्यांना मिटताच येत नव्हतं त्या डोळ्यांसमोर धूर... ती किती तडफडली ते मी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मायशी भांडून तिला इस्पितळात घेऊन गेलो.

तिथले मोठे डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले होते आणि नेमक्या याच विषयावर संशोधन करत होते. डोळ्याच्या मागे सूज येऊन डोळा पुढे कसा ढकलला जातो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांच्या वॉर्डात दोन तऱ्हांचे रोगी होते. काही ताईसारखे, गळ्याच्या गाठीचे. आणि काही जबड्याच्या, नाकामागच्या कॅन्सरचे, ज्यांच्यात कॅन्सरभोवतीच्या सुजेने डोळा बाहेर आलेला. या दोन सुजा एकसारख्या की वेगळ्या, असा काहीसा त्यांचा प्रश्न होता. मला त्यातलं कळलं तेवढं लिहिलं. ताईला पाहून ते खूश झाले. हो, खूशच झाले, दुसरा शब्द नाही. म्हणाले, अशी केस मिळत नाही. तिचा खर्च इस्पितळ करील. परदेशी औषध मिळेल, पुढे गळ्याचं ऑपरेशन. आणि डोळे उघडे राहून बुबुळ सुकतं, त्यावर फूल पडतं, म्हणून पापण्यांच्या कडा थोड्या शिवून घेऊ. त्याआधी फक्त फोटो हवेत, समोरून आणि बाजूने. फोटोवर मापं घेऊन मग उपचारानंतरच्या फोटोंशी ताडून बघायचं होतं.

मी फोटोग्राफर आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग तुम्हीच काढा.

फोटो भर दुपारी, इस्पितळाच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात घेतले. आधी कामठीकडचे एक म्हातारे गृहस्थ बसले, जबड्याच्या कॅन्सरचे. मग त्याच खुर्चीवर ताई बसली. मी काळ्या कापडाखाली जाऊन कॅमेऱ्यामागच्या काचेवर तिचा चेहरा नीट पाहिला. ते मोठाले डोळे सरळ माझ्याकडे बघत होते. समोरून दोन प्लेटा घेतल्या, बाजूने एक.

संध्याकाळी धुतल्या. म्हाताऱ्यांचा फोटो स्वच्छ आला होता, सुजेवरची चकाकीसुद्धा दिसत होती. ताईच्या तिन्ही प्लेटांवर डोळे मिटलेले होते.

वाचक म्हणतील, पापणी लवली असेल. तेच आधी सांगतो. त्या काळी व्हरांड्यातल्या उजेडात प्लेट दोन-तीन सेकंद उघडी ठेवावी लागायची. तेवढ्यात पापणी लवली तर डोळा पुसट येतो. इथे पुसट काही नव्हतं. पापण्या पूर्ण मिटलेल्या, एकेक केस मोजता यावा अशा. आणि फुगवटा नाही. गळ्याची गाठ होती, कपाळावरचं गोंदण होतं, लुगड्याचे काठ होते... डोळे मात्र लग्नाआधीच्या, शांत झोपलेल्या ताईचे.

मी दुसऱ्याची प्लेट आली का पाहिलं. रसायनं बदलली. मग गपचूप सगळं घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते घाबरले नाहीत, चिडले. तेव्हा नेगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवून चेहरा सुधारायची पद्धत होती. त्यांना वाटलं मी तेच केलंय, घराण्याची लाज झाकायला. मी शपथ घेतली. ते म्हणाले, शपथा देवळात घ्या.

दुसऱ्या वेळी ते स्वतः हजर राहिले. ताईला बजावलं की डोळे मिटायचे नाहीत. ती बिचारी म्हणाली, "साहेब, मिटता आले असते तं इथं आली असती का?" त्यांनी काचेवर स्वतः पाहिलं. बाजूच्या फोटोच्या वेळी तर तिच्याजवळ उभे राहून अंगठ्याने तिची वरची पापणी भुवईकडे ओढून धरली. प्लेटा धुताना त्यांचा असिस्टंट माझ्या डार्करूममध्ये शेजारी उभा होता. प्लेट पाण्यातून काढून लाल दिव्यासमोर धरली तेव्हा पहिल्यांदा तोच म्हणाला, "अरे..."

प्लेटवर डॉक्टरांचा अंगठा होता, नखासकट. भुवईची कातडी वर ओढली गेलेली दिसत होती. आणि तिच्याखाली पापणी शांत मिटलेली होती.

असिस्टंटने प्लेटा डॉक्टरांकडे नेल्या. मला वाटलं, आता तरी ते मानतील. त्यांनी मला आत बोलावलंच नाही. तासाभराने निरोप आला की ही केस अभ्यासात बसत नाही. ज्या चेहऱ्याचा फोटो येत नाही त्याची मापं कशी घेणार? अभ्यासात नाही म्हणजे ते औषध नाही, खाट नाही, पापण्या शिवणंही नाही. मी त्यांच्या खोलीबाहेर बसून राहिलो. ते बाहेर आले तेव्हा मी एवढंच म्हणालो की फोटो जाऊ द्या, डोळे तुम्ही प्रत्यक्ष पाहताय ना? ते चालता चालता म्हणाले, "तुम्ही भाऊ-बहिणींनी माझा फार वेळ घालवला." ताईच्या खाटेवर मौद्याकडची एक बाई आली. ताईला एक बाटली औषध आणि डोळ्यांवर बांधायला पट्टी देऊन घरी पाठवलं.

पहिल्या दिवसाची एक प्लेट माझ्याकडे राहिली होती. तिचा प्रिंट काढून मी ताईला दाखवला. तिचा त्यावर हक्क आहे असं मला वाटलं. ती ओसरीच्या उजेडात बसून किती तरी वेळ बघत राहिली. वर्षभरात तिचे डोळे एकदाही पूर्ण मिटले नव्हते, आणि धड झोपही लागली नव्हती. मग हळूच म्हणाली, "हे बाई तं मस्त निजून राहिली गा गणू. मंग मले काहून झोप नाई?"

मी तो प्रिंट तिच्याजवळच राहू दिला.

पुढची गोष्ट मायने केली, आणि मी तिला दोष देणार नाही. मी स्टुडिओत असताना तिने तो फोटो उमरेडला जाणाऱ्या एका नातलगाबरोबर जावयांकडे पाठवला. निरोप दिला, पोरगी बरी झाली, येऊन घेऊन जा.

आठवड्याभरात जावई आले. नवं लुगडं घेऊन, मैनाला घेऊन आले. मी घरीच होतो. ताईने पट्टी सोडून ठेवली होती, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ते दारातून आत आले आणि तिच्याकडे पाहून जागीच उभे राहिले. तोपर्यंत तिचा एक डोळा लालभडक झाला होता, मधे पांढरा ठिपका पडला होता. मैना मात्र सरळ आत गेली. आईच्या मांडीजवळ उभी राहून तिने तोंड वर केलं आणि विचारलं, "दुखते का वं माय?"

ताई म्हणाली, "आता नाई दुखत."

जावयांनी पुढे होऊन पोरीचा हात धरून ओढला. बाबांना म्हणाले, "फोटो दाखवून फसवलं तुम्ही आमाले." मी सांगायला लागलो की फोटो खरा आहे, त्यात कोणी काही केलेलं नाही. आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी काय बोलतोय. फोटो खरा म्हणावा तर समोर ताई बसलेली. ताई खरी म्हणावी तर फोटो खोटा. ते पोरीला घेऊन निघून गेले. लुगडं परत नेलं, फोटोही घेऊन गेले. मैना कोपऱ्यापर्यंत मागे वळून पाहत होती.

ताईने कोणाला बोल लावला नाही. मायलाही नाही. फक्त त्या दिवसापासून तिने पट्टी पुन्हा सोडली नाही.

एक डोळा गेला. दुसराही जाण्याच्या वाटेवर होता, पण त्याआधीच थंडीत एके दिवशी सकाळी चहा पिता पिता तिचं हृदय थांबलं. बाबांनी तिच्या पापण्या ओढून मिटवायचा प्रयत्न केला, त्या मिटल्या नाहीत. शेवटी तुळशीची पानं ठेवून वरून कापड बांधलं. एक शेजारी म्हणाले, तू फोटोवाला आहेस, शेवटचा एक फोटो तरी घे. मी कॅमेरा आणला नाही. प्लेटवर मिटलेले डोळे आले असते तरी मला सहन झालं नसतं, आणि उघडे आले असते तरी नसतं.

जावयांनी दुसरं लग्न केलं. मैना मोठी झाली, तिचं लग्न झालं, आम्हाला बोलावणं नव्हतं.

ताई गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, राजधानी नागपूरहून हलायच्या सुमारास, तेच डॉक्टर आमच्या स्टुडिओत आले. त्यांना पासपोर्टसाठी फोटो हवा होता. त्यांचं संशोधन गाजलं होतं आणि ते परदेशात कुठल्याशा परिषदेला निघाले होते. मौद्याच्या त्या बाईचे फोटो त्यात छापले होते, हे मला त्यांच्या असिस्टंटकडून आधीच कळलं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. हनुवटी जरा वर घ्या म्हणालो. त्यांनी मला ओळखलं. टाय नीट करत, जरा हसतच म्हणाले, "आता इतकी वर्षं झाली, खरं सांगा... ते कसं केलं होतं तुम्ही?"

मी म्हणालो, "मी काही केलं नव्हतं, साहेब."

त्यांनी मान हलवली, जणू मी अजून हट्ट सोडलेला नाही. त्या प्लेटांपैकी एखादी तुमच्याकडे आहे का, असंही विचारलं. ताई कशी आहे, हे विचारलं नाही. मी फोटो घेतला. आत जाऊन प्लेट धुताना, खोटं कशाला बोलू... काहीतरी व्हावं असं मला वाटत होतं. काही झालं नाही. फोटो पहिल्याच प्लेटवर उत्तम आला. डोळे टपोरे, उघडे, पाणीदार. त्यांनाही आवडला. जास्तीच्या प्रती सांगून गेले.

आता मी प्रताप नगरला मुलाकडे असतो. ती एक प्लेट अजून माझ्याकडे आहे. मुलाच्या ओळखीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना मी ती दाखवली. त्यांनी उजेडासमोर धरून पाहिली आणि म्हणाले, काका, त्या क्षणी डोळे मिटले असतील. मी वाद घातला नाही. त्या वेळी कॅमेऱ्याशी उभा राहून मी पाहत होतो, ते नव्हते.

कारण मला सापडलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त तिने डोळे मिटले असतील, एवढं म्हणू नका. ते तिला जमत असतं तर ती उमरेडला आपल्या घरीच राहिली असती.