शेवळाचा पिवळा भाग

वेटर किचनच्या दारात येऊन म्हणाला, "कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाई बोलतच नाहीयेत. गळा धरून बसल्यात."

मी बाहेर गेलो. पन्नाशीच्या बाई. ओठ सुजलेले, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. शेजारी त्यांची मुलगी पाण्याचा ग्लास धरून उभी. पुढ्यात आमची अवॉर्डवाली प्लेट, अर्धी संपलेली. त्यावर पिवळे काप दिसले तसा मी मालकाला म्हणालो, "वाट बघू नका. गाडी काढा."

लोअर परळला आमचा गॅस्ट्रोपब होता. म्हणजे पबच, पण लोक दारूपेक्षा जेवणासाठी येतात. मी तिथे सू-शेफ, मुख्य शेफच्या हाताखालचा. गाव कर्जतजवळचं पोशीर. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं उगवतात. ही रानभाजी मीच मेनूत आणली होती. अवॉर्ड मिळालं आणि बुकिंग मिळेनासं झालं.

शेवळाच्या कोंबात बुडाशी पिवळा भाग असतो. तो काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो, सुजतो. आमच्याकडे हे घराघरात माहीत असतं. मुख्य शेफ कुणालला मी हे सांगितलं होतं. त्या दुपारी मात्र तो म्हणाला, "हा रंग फोटोत मस्त दिसेल. पातळ काप करून वर ठेवू."

"शेफ, तो खायचा भाग नाही."

"गार्निश आहे रे. चिमूटभर."

मी नाही म्हणालो. त्याने ते काम दुसऱ्याला दिलं आणि मला ग्रिलवर उभं केलं.

हॉस्पिटलमध्ये बाईंच्या गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागली. दुसऱ्या दिवशी मालकाने बातमीदारांना सांगितलं, "पुरवठादाराने चुकीची वनस्पती दिली."

पुरवठादार म्हणजे जनाबाई. पोशीरच्या वरच्या वाडीतल्या. आम्हाला भाजी द्यायच्या, उरलेली कर्जतच्या बाजारात विकायच्या. त्यांचा फोन आला.

"पोलीस आलेत रं. इचारतात, कसला कंद दिलास? मी शेवळंच दिली ना?"

"शेवळंच दिलीत, मावशी."

"मंग तू सांग ना त्यांना. माझं कोन ऐकतंय?"

मी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, खरं काय ते सांगा. तो खूप थकलेला दिसत होता.

"प्रकाश, पब बंद पडला तर सगळा स्टाफ घरी बसेल. त्या भाजीवालीचं काय जातंय? तिला कोण ओळखतं?"

"तिला कर्जतचा अख्खा बाजार ओळखतो, सर."

संध्याकाळी मी पोलिसांकडे जाऊन जबाब दिला. काप कोणी करायला सांगितले, कोणी केले, सगळं. ज्याने काप केले तो माझ्याच भरवशावर मुंबईत आला होता. तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

जनाबाईंना पोलिसांनी सोडलं. पब बंद झाला. मालक म्हणाला होता तसंच झालं, सगळा स्टाफ घरी बसला. केस अजून चालू आहे. जेवायला आलेल्या बाई वाचल्या, पण आवाज गेला तो गेलाच. कुजबुजल्यासारखं बोलतात. त्या शाळेत शिकवायच्या, हे मला कोर्टात कळलं.

पुढच्या मोसमात मी कर्जतच्या बाजारात गेलो. जनाबाईंच्या पुढ्यात कुरडूच्या पालेभाजीच्या जुड्या तशाच पडल्या होत्या. एक गिऱ्हाईक आलं, चेहरा बघून शेजारणीकडे वळलं.

"इषवाली म्हनतात मला," त्या म्हणाल्या. "तू खरं सांगितलंस ना रं?"

"सांगितलं, मावशी. पोलिसांनी लिहूनही घेतलं."

"मंग हितं कुनाला ठाव कसं नाय?"

त्या आता एका फार्महाउसवर झाडलोट करतात. मी लोधिवलीजवळ हायवेच्या हॉटेलात आहे. इथे मेनूत रानभाजी नाही.

नवीन पोरांना मी एवढंच सांगतो. चुकलेली प्लेट टेबलावरून परत आणता येते. बाहेर सांगितलेलं खोटं परत आणता येत नाही, आणि ते ज्याच्या दारात जाऊन बसतं त्याने प्लेटला हातही लावलेला नसतो.